सेन्सर जमिनीलगत, कारागीर मात्र शिडीवर

गॅरेजचं दार बंद होत नाही म्हणून माणूस बोलवायच्या बेतात असाल, तर आधी हे वाचा. आम्ही कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहतो, पण अमेरिकेत जिथे जिथे गॅरेज आहे तिथे दुरुस्तीच्या नावाखाली फसवायचा हा धंदा चालतो.

दिवाळीच्या सुमारास आमचं दार संध्याकाळी बंद होईना. रिमोट दाबला की मोटरचा दिवा लुकलुकायचा आणि दार जागच्या जागी. कधी अर्ध्यावर यायचं नि परत वर जायचं. सकाळी मात्र कसलीच तक्रार नाही. नवरा भारतात गेलेला, घरात मी आणि सांगलीहून आलेले सासू-सासरे. रात्रभर दार उघडं ठेवायचं कसं, म्हणून फोनवर शोधलं. पहिलंच नाव आलं ते 'फक्त २९ डॉलरमध्ये व्हिजिट'वालं, पत्ताही आमच्याच गावातला. फोन उचलणाऱ्या बाईने कंपनीचं नाव न घेता नुसतं 'गॅरेज डोअर सर्व्हिस' म्हटलं. असं कोणी म्हटलं की फोन ठेवून द्या. एकच कॉल सेंटर दहा नावांनी जाहिराती करतं आणि हाताशी असेल त्याला पाठवतं. तो गावातला पत्ता मी नंतर जाऊन पाहिला. तिथे टपालपेट्या भाड्याने देणारं दुकान आहे.

माणूस आला ऐन उन्हं कलताना, नाव-नंबर काही नसलेल्या पांढऱ्या व्हॅनमधून. दाराच्या दोन्ही बाजूंना जमिनीलगत समोरासमोर दोन सेन्सर असतात. एक किरण पाठवतो, दुसरा तो घेतो, आणि मध्ये काही आलं की दार बंद होत नाही. खाली वाकून त्याने त्यातला एक दाखवला. हिरवा दिवा विझलेला. "दोन्ही जळलेत, मोटरच्या सर्किट बोर्डालाही झळ बसलीय." मग कायदा काढला. तुमच्या ओपनरला, म्हणजे दार उघड-बंद करणाऱ्या मोटरला, वीज गेल्यावर चालवणारी बॅटरी नाही, कॅलिफोर्नियात हे बेकायदेशीर आहे, अख्खा ओपनर बदलावा लागेल, १६५० डॉलर. मी नाही म्हटल्यावर 'निदान सेन्सर तरी बदला, रात्री चोरी झाली तर इन्शुरन्सवाले हात वर करतील' असं म्हणत गाडी ४८५ वर आली. सेन्सरची जोडी २४०, बोर्डाचं प्रोग्रॅमिंग १६०, अलाइनमेंट ८५. वर उपकार केल्यासारखे व्हिजिटचे २९ माफ.

कायद्याचं आधी सांगते, कारण ही थाप अर्धी खरी असल्यामुळे पचते. २०१७ च्या वणव्यांत वीज गेल्यावर काही लोकांना गॅरेजचं दार उघडता आलं नाही आणि जीव गेले. त्यानंतर कॅलिफोर्नियाने कायदा केला, की १ जुलै २०१९ पासून नवीन बसवायच्या ओपनरला बॅटरी हवीच. आधीपासून चालू असलेला ओपनर केवळ बॅटरी नाही म्हणून उतरवायला हा कायदा सांगत नाही. सेन्सर बदलायचा तर त्याचा काही संबंधच नाही.

काम झालं आणि दार लोण्यासारखं चालायला लागलं. सकाळ, दुपार, संध्याकाळ, केव्हाही. इतकं बिनतक्रार, की सासूबाईंनी त्या माणसाला जाताना चकलीही दिली होती, त्याचं सार्थक झाल्यासारखं वाटलं.

पुढे एकदा रिसायकलिंगचं निळं पिंप दाराच्या रेषेतच राहिलं. मी गाडीतून रिमोट दाबला आणि दार थेट पिंपावर उतरलं. आदळल्यावर उलटं फिरलं हे खरं, पण सेन्सर शाबूत असताना ते त्या पिंपापर्यंत यायलाच नको होतं. खाली पाहिलं तर सेन्सर जागेवर, दिवे मात्र दोन्हीकडचे विझलेले. अण्णा, म्हणजे माझे सासरे, एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "अगं, मला तेव्हाच खटकलं होतं. ह्या वस्तू जमिनीलगत आणि हा बाबा सगळा वेळ शिडीवर. इंग्रजीत हुज्जत कुठं घालू, म्हणून गप बसलो."

शिडी लावून मी वर चढले. मोटर ज्या भोकाभोकाच्या लोखंडी पट्टीला टांगलेली असते, त्या पट्टीवर दोन सेन्सर समोरासमोर, मध्ये चार बोटांचं अंतर, काळ्या झिप टायने आवळलेले. एकाचा पिवळा दिवा, दुसऱ्याचा हिरवा, दोन्ही झोकात पेटलेले. एकाच्या प्लॅस्टिकवर पांढऱ्या ऑइलपेंटचे शिंतोडे, म्हणजे 'नवी जोडी'सुद्धा कोणाच्या तरी घरून काढून आणलेली. खालचे आमचे जुने सेन्सर तसेच होते. त्यांच्या वायरी भिंतीतल्या क्लिपमागे कापून टोकं आत दाबलेली, वरवर पाहणाऱ्याला काही कळू नये अशी.

या जुगाडात काय होतं, तर मोटरला वाटतं की मधला किरण अखंड आहे, वाट मोकळी आहे. दाराखाली पिंप असो, मांजर असो की रांगतं मूल असो. अमेरिकेत दाराखाली सापडून मुलं दगावली म्हणूनच तर १९९३ पासून बनणाऱ्या घरगुती ओपनरना, आदळल्यावर उलटं फिरण्याखेरीज, ही दुसरी सुरक्षा सक्तीची झाली. ४८५ डॉलर घेऊन या माणसाने नेमकी तीच काढून टाकली. पैशांचा राग केव्हाच ओसरला, याचा नाही.

मूळ दुखणं काय होतं? ऊन. आमचं गॅरेज पश्चिमेला तोंड करून आहे. हिवाळ्याकडे सूर्य नैर्ऋत्येला कलतो आणि संध्याकाळची तिरपी उन्हं उत्तरेच्या बाजूच्या सेन्सरच्या डोळ्यात शिरतात. आमच्याकडे किरण घेणारा सेन्सर, म्हणजे हिरव्या दिव्याचा, नेमका तिथेच होता. उन्हाने त्याचे डोळे दिपले की मोटर समजते मध्ये कोणीतरी आहे. तक्रार ठरावीक वेळेलाच येत असेल तर उन्हाचाच संशय घ्या. अण्णांनी मोटरचा प्लग काढून कापलेल्या वायरी जोडल्या आणि दोन्ही सेन्सरच्या जागांची अदलाबदल केली. घेणारा आता दक्षिणेला, सावलीत. पिवळ्या दिव्याच्या पाठवणाऱ्याला उन्हाचं सोयरसुतक नसतं. (रंग कंपनीगणिक बदलतात. लिफ्टमास्टर आणि चेंबरलेनचे पिवळा-हिरवा, जिनीचे लाल-हिरवा.)

एरवी बहुतेक वेळा प्रकरण याहूनही किरकोळ असतं. काचेवर कोळिष्टक, नाहीतर मुलाच्या सायकलचा धक्का लागून हललेला ब्रॅकेट. मऊ फडक्याने काच पुसायची, मागची चिमटीत धरायची चाकी सैल करून सेन्सर हलवायचा, हिरवा दिवा न लुकलुकता स्थिर झाला की चाकी आवळायची. दोन्ही सेन्सर जमिनीपासून सारख्याच उंचीवर हवेत, ६ इंचांच्या वर नकोत. उंच लावले तर खाली पडलेलं मूल किरणाच्या खालीच राहतं. नवी जोडी घ्यायची वेळ आलीच, तर आमच्या इथल्या हार्डवेअरच्या दुकानात ती तीस-चाळीस डॉलरच्या घरात मिळते.

आणि त्या रात्रीपुरतं दार बंद करायला कोणाची गरजच नसते! सेन्सर रुसला असेल तर भिंतीवरचं बटण दार पूर्ण खाली टेकेपर्यंत दाबून धरायचं. वाटेत कोणी नाही हे डोळ्यांनी पाहत उभं राहायचं, एवढंच. 'आज रात्री दार उघडंच राहील' या धाकावरच हे लोक पोट भरतात. दाराचं वजन पेलणाऱ्या स्प्रिंगचं काम मात्र घरी करू नका. ती ताणलेली असते, हात तोडेल.

कोणी दुरुस्ती करून गेलं की ते निघायच्या आत खोका दाराच्या वाटेत ठेवून रिमोट दाबा. दार जागचं हललं नाही किंवा खोक्याला न शिवता वर गेलं तरच पैसे द्या. कॅलिफोर्नियात परवान्याचा नंबर मागा आणि राज्याच्या कंत्राटदार मंडळाच्या साइटवर तपासा. हजार डॉलरच्या आतल्या किरकोळ कामाला परवान्यातून बरीचशी सूट आहे, आणि ही मंडळी बिल त्याच्या आतच बसवतात. आमच्याकडे तो 'झेल'ने, म्हणजे बँकेतून थेट त्याच्या खात्यात, पैसे मागत होता, मशीन बिघडलंय म्हणून. मी कार्डावर अडून बसले. झिप टायचे आणि कापलेल्या वायरींचे फोटो बँकेला पाठवल्यावर पैसे परत आले.

जाताना त्याने मोटरच्या बुडाशी आपल्या फोन नंबरचं मोठं स्टिकर चिकटवलं होतं, पुढच्या वेळी आम्ही शोधाशोध न करता त्यालाच बोलवावं म्हणून. भाड्याच्या घरात राहायला आला असाल तर तुमच्याही मोटरवर कोणाचं तरी असेल. ते घरमालकाने लावलंय असं समजून फोन फिरवू नका. आधी शिडी लावून वरची पट्टी बघून घ्या.