२५ लिटरचा आइसबॉक्स: सगळा खेळ झाकणाचा

आइसबॉक्स घेताना लोक रंग बघतात, चाकं बघतात, झाकणावरचे पेले ठेवायचे खळगे बघतात. बघायला हवं ते झाकण आतून भरीव आहे की पोकळ. २५ लिटरच्या प्लास्टिकच्या पेट्या बाहेरून जवळपास सारख्याच दिसतात, पण दुपारी तीन वाजता उन्हात एकीत बर्फ खडखडत असतो आणि दुसरीत कोमट पाणी डुचमळत असतं. हा फरक बऱ्याचदा झाकणामुळे पडतो.

भिंतींत बहुतेक सगळेच पफ, म्हणजे पॉलियुरेथेन फोम, भरतात. तीनेक सेंटीमीटर जाडीचा पफ दिवसभराच्या सहलीला पुरेसा आहे. खर्च वाचवला जातो तो झाकणात. तिथे नुसते दोन प्लास्टिकचे पत्रे आणि मध्ये हवा असते. दुकानात हे ओळखायला दोन सेकंद लागतात. आधी भिंतीवर बोटाने टकटक करा, मग झाकणावर. भिंतीचा आवाज बद्द आणि झाकणाचा डब्यासारखा पोकळ आला, तर ती पेटी तशीच ठेवून द्या. घरात अशी पेटी आधीच असेल तर टाकून देऊ नका. दोन सेंटीमीटर जाड फोमचा तुकडा आतल्या मापाने कापून सामानावर घट्ट बसवला, तर पोकळ झाकणाची उणीव बरीचशी भरून निघते.

दुसरी परीक्षा रबरी पट्टीची. झाकणाच्या कडेला कागदाची पट्टी धरून झाकण लावा आणि कागद ओढा. तो अडकायला हवा, सहज सरकून येता कामा नये. चारही बाजूंना हे करून बघा, विशेषतः बिजागरीकडच्या कोपऱ्यांत, कारण पट्टी तिथेच आधी दबून सैल होते. काही पेट्यांना पट्टी नसतेच, झाकण नुसतं वर बसतं. थोड्या वेळासाठी हेही चालतं, कारण थंड हवा जड असते आणि तळाशीच राहते. पण गाडीत पेटी हलू लागली की ती हवा फटींतून सांडते.

आता बर्फाचा हिशोब, कारण पेटी स्वतः काहीच थंड करत नाही. ती फक्त बाहेरची उष्णता आत यायला उशीर लावते, बाकीचं काम बर्फाचं. सगळीकडून तीन सेंटीमीटर पफ असलेली २५ लिटरची पेटी बाहेर ३५ अंश तापमान असताना तासाला साधारण २०० ग्रॅम बर्फ वितळवते. म्हणजे तीन किलो बर्फ पंधरा तासांच्या आसपास टिकायला हवा. प्रत्यक्षात तो दुपारीच संपतो, आणि त्याचं कारण पेटी नसून आत ठेवलेलं गरम सामान असतं. एक ग्रॅम बर्फ वितळताना ८० कॅलरी उष्णता घेतो. खोलीच्या तापमानाचं, म्हणजे ३० अंशांचं, सहा लिटर पाणी ५ अंशांवर आणायला दीड लाख कॅलरी काढाव्या लागतात. त्यातच जवळजवळ १ किलो ९०० ग्रॅम बर्फ खर्च होतो. तीन किलोंपैकी दोन किलो पहिल्या दोन तासांत गेले, मग उरलेला एक किलो दिवस कसा काढणार? म्हणून बाटल्या आदल्या रात्री फ्रिजमध्ये ठेवायच्याच. एवढी एक गोष्ट केली, तर साधी पेटीही महागड्या पेटीसारखी वागते.

पेटीही आदल्या रात्री थंड करा. फ्रिजमधल्या थंड पाण्याच्या दोन-तीन बाटल्या किंवा थोडा टाकाऊ बर्फ आत ठेवून झाकण लावा आणि सकाळी ते काढून खरा बर्फ भरा. माळ्यावरून काढलेल्या पेटीच्या भिंती तापलेल्या असतात, त्या गार होताना आधी तुमचाच बर्फ खातात.

बर्फ कुठला घ्यावा? लादीचा मोठा तुकडा हळू वितळतो, कारण वजनाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग कमी असतो. चुरा किंवा छोटे खडे सामान भराभर गार करतात आणि तितक्याच भराभर संपतात. तळाशी एक मोठा तुकडा आणि बाटल्यांच्या फटींत थोडे खडे ही जोडी सगळ्यांत चांगली. लादी मिळत नसेल तर दोन लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीत पाणी गोठवा. वर दहावा हिस्सा रिकामा सोडा, गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं. घरच्या फ्रीजरमध्ये दोन लिटर पाणी आतपर्यंत गोठायला एक रात्र कमी पडते, पूर्ण चोवीस तास धरा. या बाटल्यांचा आणखी एक फायदा म्हणजे पाणी बाहेर सांडत नाही आणि वितळलं की पिता येतं.

जेल पॅकचं कौतुक जरा जास्तच होतं. आतला जेल म्हणजे बहुतांशी पाणीच, त्यामुळे अर्ध्या किलोच्या पॅककडून अर्धा किलो बर्फापेक्षा जास्त अपेक्षा ठेवू नका. डबे कोरडे राहतात, एवढ्यासाठी ते जरूर घ्यावेत.

भरताना लक्षात ठेवायचं ते हे की रिकामी जागा म्हणजे हवा, आणि झाकण उघडलं की ती हवा बदलते. वर मोकळी जागा उरली तर जाड टॉवेल घडी करून ठेवा. एक तृतीयांश जागा बर्फाला हवीच, दिवसभराचा बेत असेल तर निम्मी. २५ लिटरच्या पेटीत पाच-सहा किलो बर्फ आणि एक-एक लिटरच्या दहा बाटल्या असं गणित बसतं. पेटीचं स्वतःचं वजन धरून हे वीस किलोच्या घरात जातं. इथे हँडलचा प्रश्न येतो. वर फिरणारं एकच हँडल प्लास्टिकच्या दोन खुंट्यांवर टांगलेलं असतं आणि मोडतं ते या खुंट्यांपाशीच. भरलेली पेटी दोघांनी दोन बाजूंनी उचलायची असेल तर भिंतीतच खाचा असलेली पेटी बघा. छोटी चाकं फरशीवर छान चालतात, वाळूत आणि गवतात अजिबात नाही.

वितळलेलं पाणी सारखं ओतून टाकायची सवय चुकीची आहे. त्यात बर्फाचे तुकडे तरंगत आहेत तोवर ते शून्य अंशाच्या आसपासच असतं आणि बाटलीला चहूबाजूंनी भिडतं, त्यामुळे हवेपेक्षा कितीतरी लवकर गार करतं. ते काढलं की त्या जागी गरम हवा येते. नवा बर्फ घालायचा असेल किंवा डब्यांत पाणी शिरू लागलं असेल तरच बूच उघडा. हे तळाचं बूच या पेट्यांचं दुखणं आहे. त्यामागची रबरी चकती पातळ असते, धुताना निसटून हरवते आणि मग गाडीची डिकी ओली होते. घेतल्या घेतल्या पेटीत दोन लिटर पाणी भरून तासभर जुन्या वर्तमानपत्रावर ठेवा. कागद ओला झाला तर पेटी लगेच बदलून घ्या.

पेटी कमी पडते आहे ते कुठे, हे तिच्या बाहेरूनच कळतं. बर्फ भरून अर्धा तास झाकण लावून ठेवा आणि मग हात फिरवा. हवा दमट असेल तर जिथे फोम कमी आहे तिथे बाहेर घाम धरलेला दिसेल. जुन्या पेटीत तडा गेला की पाणी फोममध्ये शिरतं. मग पेटी रिकामी असूनही जड लागते आणि बर्फ भरला की तो भाग बाहेरूनही गार लागतो. अशा पेटीला दुरुस्ती नाही.

जागा सावलीतच हवी, आणि ऊन सरकलं की पेटीही सरकवा. वर ओला पांढरा कपडा टाकला तर बाष्पीभवनाने आणखी थोडी मदत होते. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत पेटी ठेवू नका. आतलं तापमान ५० अंशांच्या वर सहज जातं आणि मग वरचा सगळा हिशोब बिघडतो.

सोबत दूध, मांस किंवा शिजवलेलं अन्न असेल तर पेयांची पेटी वेगळी करा. पेयांची पेटी दर दहा मिनिटांनी उघडते, अन्नाची दोनदाच उघडायला हवी. आत एक साधा थर्मामीटर ठेवा. तापमान ५ अंशांच्या वर गेलं आणि तसंच दोन तास राहिलं तर ते अन्न खाऊ नये.

कुणी अचानक आलं आणि दोन बाटल्या झटपट गार करायच्या असतील तर बादलीत एक किलो बर्फ, बाटल्या बुडतील एवढं पाणी आणि चार मुठी मीठ घाला. मिठामुळे पाणी शून्याच्याही खाली जातं आणि तरी गोठत नाही. बाटली अधूनमधून फिरवत राहिलात तर दहा-पंधरा मिनिटांत ती गार होते. तेव्हाच काढा, काचेची बाटली विसरलात तर आत गोठून फुटते. पेटीत मात्र मीठ टाकू नका, बर्फ भराभर संपतो.

‘पाच दिवस बर्फ टिकतो’ असं खोक्यावर लिहिलेलं असलं तरी असे आकडे बहुधा पेटी बर्फाने गच्च भरून, झाकण न उघडता, सावलीत मोजलेले असतात. शहरातून सकाळी निघून रात्री परतणाऱ्याला एवढ्याची गरजही नाही. चार तासांची बाग असेल तर शिवलेली मऊ कूलर बॅग पुरते, ती हलकी असते आणि घडी होते, पण तिची चेन आणि शिवण पाणी रोखत नाही. थर्माकोलची पेटी जाडीच्या मानाने चांगलं काम करते, फक्त झाकणाच्या कडा दोन सहलींत तुटतात.

घरी आल्यावर पेटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसा, बूच काढून तिरकी ठेवा आणि रात्रभर वाळू द्या. माळ्यावर ठेवताना झाकणाच्या कडेला कागदाची सुरळी अडकवून बोटभर फट ठेवा, नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात उघडल्यावर कुबट वास येतो आणि तो बाटल्यांनाही लागतो.