इंग्रजीच्या ॲपचे वर्षाचे पैसे भरले, त्यानंतरचा अनुभव

ॲपचं नाव घेत नाही, रिफंडचं भांडण अजून मिटलेलं नाही. फीचर्स काय आहेत ते प्ले स्टोअरवर दिसतंच. मी रावेरकडे केळीच्या पॅकहाउसवर डिस्पॅच बघतो. माल आखातात जातो, त्यामुळे मेल आणि व्हॉट्सॲप सगळं इंग्रजीत. ग्रामर शाळेत घोटून झालंय. गाडी अडते ती फ्रेझल व्हर्बपाशी, म्हणजे क्रियापदाला अप, ऑफ, डाउन असा छोटा शब्द जोडला की अर्थ बदलतो ते.

पहिल्याच आठवड्यात डोकं फिरलं. पिक अप म्हणजे 'उचलणे'. बस, एकच अर्थ! खरेदीदार लिहितो 'डिमांड हॅज पिक्ड अप', तेव्हा मागणी वाढलेली असते. ट्रान्सपोर्टवाला खोकी पिक अप करतो म्हणजे येऊन घेऊन जातो. फोन पिक अप करतात, कानावर पडून भाषाही पिक अप होते. इथे मात्र 'घ्यायला येणे' निवडलं की लाल फुली. टेक ऑफचीही तीच गत: विमान उडतं, पण अंगातला शर्ट काही निघत नाही. तक्रार केली तर उत्तर आलं, 'वी आर लुकिंग इन टू इट'. अहो, पैसे घेताना एवढा वेळ लागला नव्हता.

वाक्प्रचारांचा भाग तर सोडूनच द्या. मुसळधार पावसासाठी कुत्री-मांजरं पाडणारा तो जुना वाक्प्रचार, रंगीत चित्रासकट. इकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि आमच्या मेलमध्ये असतं 'शिपमेंट इज हेल्ड अप', 'द डील फेल थ्रू', 'वी हॅव रन आउट ऑफ कार्टन्स'. तेवढं आधी शिकवा ना.

दोन तारे देणार होतो. मध्यंतरी एक अपडेट आलं आणि शब्द सरकवून वाक्य जुळवायचा सराव सुरू झाला. 'टर्न इट डाउन' चालतं, 'टर्न डाउन इट' चालत नाही. पण 'लुक आफ्टर इट'मध्ये इट मधे घुसवता येत नाही. हे मला कुठल्या क्लासमध्ये कोणी सांगितलं नव्हतं. इथे चुकलेलं वाक्य आधी लवकर, मग अंतर वाढवत परत समोर येतं. तो भाग झकास. म्हणून साडेतीन.

पण त्या उजळणीसाठी वर्षाचे पैसे भरायचे का? जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउसने विसरण्याचा वेग १८८५ मध्येच मोजून ठेवलाय आणि सेबास्टियन लाइटनरची उजळणीच्या कार्डांची कप्प्यांची पेटी १९७२ ची. आमच्याकडे फाटक्या खोक्यांचा पुठ्ठा ढिगाने पडलेला असतो. पुतणीने त्याची कार्डं कापली, एका खोक्याला कप्पे केले. कार्ड बरोबर आलं की पुढच्या कप्प्यात, चुकलं की पहिल्यात. पहिला कप्पा रोज, मागचे उशिराने. पिक अपच्या कार्डावर चारही अर्थ, प्रत्येकाखाली आमच्याच मेलमधलं वाक्य. खर्च शून्य.

आता खरी चीड. ॲपमध्ये 'सबस्क्रिप्शन रद्द' दाबलं, 'झालं' असं उत्तरही आलं, तरी पुढच्या वर्षाचे पैसे कापले. बँकेचा मेसेज चोवीस तास आधी येतो खरा, पण ऐन लोडिंगमध्ये मेसेज कोण वाचतो? भाऊ, ॲपमध्ये रद्द करून थांबू नका. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेची यादी उघडा आणि मँडेट, म्हणजे आपोआप पैसे कापायला दिलेली परवानगी, तिथून काढा. घ्यायचंच असेल तर एक महिन्याचं घ्या, वाक्य जुळवायचा सराव उरकून टाका. तारे अडीच करतोय. रिफंड आला की परत बघू.