उजवा हात, डावा डोळा: खांदा बदलू का पट्टी लावू?

रायफल नेमबाजीत हात उजवा अन् मेन डोळा (ज्याच्यावर नजर जास्त भरवसा ठेवते तो) डावा निघाला तर काय करायचं? पहिले टेस्ट करा बावा. दोन्ही पंजे जोडून मधात छोटी फट ठेवा, त्यातून समोरच्या बिल्डिंगवरची पाण्याची टाकी पाहा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला टाकी दिसतच राहते तो तुमचा मेन डोळा. माझा डावा निघाला आणि हात उजवा, झाला ना घोटाळा!

पिस्तूलवाल्यांले काही टेन्शन नाही, हात लांब असते, मान जराशी वळवली की काम होते. रायफलमध्ये गाल स्टॉकवर (मागच्या दांड्यावर) टेकवा लागते, म्हणून उजव्या खांद्यावर धरली की साईटमागे (नेम धरायच्या भागामागे) उजवाच डोळा येते अन् मेन डावा बाजूले राहते.

पट्टीचा रस्ता सोपा. डाव्या डोळ्यासमोर पट्टी लावायची, मॅचमध्ये ३० मिमीपेक्षा रुंद चालत नाही. काळीपेक्षा पांढरट बरी, कारण एक डोळा पूर्ण अंधारात गेला की दुसऱ्याची बाहुली पण मोठी होते अन् साईट धूसर दिसते. डोळा आवळून मिटणं तर नकोच, दहा शॉटमध्येच चेहरा दुखते.

खांदा बदलणं म्हणजे पहिलीपासून शाळा. मी आठ दिवस डाव्यानं करून पाहिलं, ट्रिगरवरचं बोट असं चालायचं जसं डाव्या हातानं तर्री पोहे खाऊन राहिलो. शिवाय उजव्या हाताचा स्टॉक डाव्या गालाले बसत नाही अन् डावखुरी रायफल क्लबात सहसा मिळत नाही.

पण नवीन पोट्टा असेल ना, तर त्याले पहिल्याच दिवशी डाव्या खांद्यावर द्या. १० मीटरवर रायफलच्या टार्गेटमधला दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असते भाऊ, तिथं मेन डोळाच पाहिजे. मी जुना खोड, पट्टीवरच आहो.