मिक्स करायला कुठली बाटली घ्यावी? दिवाळी ते हुर्राकच्या सीझनपर्यंतचा अनुभव

दिवाळीपासून हुर्राकचा, म्हणजे काजूच्या बोंडांच्या सौम्य दारूचा, सीझन संपेपर्यंत आमच्या गोव्यातल्या पेडण्याच्या घरी शनिवारची बैठक सहसा चुकली नाही. येणारे सगळे मिक्स करून पिणारे. त्यामुळे स्वस्त, मधल्या आणि महाग बाटल्या त्याच मिश्रणात आलटून पालटून वापरून झाल्या. माझं मत आता पक्कं आहे: ग्लासात दारूसोबत जितक्या कमी गोष्टी, तितकी बाटली चांगली हवी.

रम-कोलाला ओल्ड माँकच्या वर पैसे घालू नका. १९५४ पासूनची रम, ४२.८ टक्के अल्कोहोल, आणि तिचा व्हॅनिलाचा वास कोला-लिंबातूनही वर येतो. महागडी रम ओतली तर तिची नजाकत साखरेत बुडते. ती नुसत्या बर्फावर प्यावी.

कोकम सरबतात व्होडका मधल्या किमतीची पुरते. अगदी तळाची मात्र नको. थंडगार असताना काही कळत नाही, पण बर्फ वितळला की शेवटच्या दोन घोटांत स्पिरिटचा भपकारा येतो. म्हणून पारख थंड बाटलीवर करू नये. चमचाभर दारूत तेवढंच साधं पाणी घालून वास घ्या. नेलपॉलिश रिमूव्हरची आठवण आली तर ती बाटली कोकमानेही सुधारत नाही.

जिन-टॉनिकमध्ये लपायला जागाच नाही. टॉनिकमधल्या क्विनाइनच्या कडवटपणाला ज्युनिपरचा, म्हणजे जिनला तिचा वास देणाऱ्या फळाचा, रोखठोक वास लागतो, आणि इसेन्स घातलेल्या जिनमध्ये तो पहिल्या घोटानंतर टिकत नाही. आम्ही गोव्यातच बनणाऱ्या ग्रेटर दॅनवर स्थिरावलो. टॉनिक मात्र दर वेळी नवं उघडा. गॅस गेलेल्या टॉनिकमध्ये कुठलीही जिन वाया जाते.

आता फेणी, कारण खरी पारख इथेच लागते. काजूच्या बोंडांचा रस आंबवून पहिल्यांदा गाळला की हुर्राक, पुन्हा गाळला की फेणी. गोव्याच्या काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तरी सुट्या बाटल्यांत स्पिरिट आणि इसेन्सची भेसळ होतेच. मी तळहातावर दोन थेंब चोळतो. अल्कोहोल उडून गेल्यावर पिकल्या बोंडाचा वास मागे रेंगाळला तर घेतो. हात कोरडा होताच वास गेला तर परत करतो. फेणीचा वास कशातही दबत नाही, म्हणून इथे स्वस्तात घेतलेली बाटली सगळा ग्लास बिघडवते. प्रमाणही कमी ठेवा. तीस मिली फेणी, चमचाभर कोकमाचं आगळ (घट्ट रस) आणि वर सोडा. आगळात मीठ असतंच, वेगळं घालू नका. कोलात फेणी आमच्याकडे कुणालाच रुचली नाही.

हुर्राक फेणीपेक्षा बरीच सौम्य, त्यामुळे मिक्स करणंही सोपं: लिम्का, चिमूटभर मीठ, लिंबाची फोड आणि उभी चिरलेली हिरवी मिरची. हुर्राक साठवून मात्र ठेवू नये, तिची चव लवकर उतरते. मार्च ते मे दरम्यान ओळखीच्या भट्टीवरून, त्या आठवड्यात संपेल एवढीच आणावी. सिंधुदुर्गातून येणाऱ्या पाहुण्यांना मी परतताना बाटली देत नाही, कारण परवान्याशिवाय ती पत्रादेवीच्या, म्हणजे गोव्याच्या हद्दीच्या, पलीकडे नेता येत नाही. प्यायची तर इथेच, रात्री मुक्कामाला राहून.