म्हापशातलं स्टेशनरी दुकान: लेबलं मस्त, सल्ला फसवा

चवथीआधी ऑफिसची आमंत्रणं छापायला म्हापसा मार्केटजवळून २५० जीएसएमचं (म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन; आकडा मोठा तितका कागद जाड) कार्ड घेतलं, दुकानदार म्हणाला कुठल्याही प्रिंटरात चालतं हो, आणि आमचा लेझर १६३ च्या वर घेतच नाही, तिसऱ्याच शीटला जाम! मग १६० चं आणलं, मॅन्युअल फीडने एकेक सोडलं, मागचं झाकण उघडं ठेवलं म्हणजे कागद सरळ निघतो, सेटिंगात जाड कागद निवडला तेव्हा कुठे टोनर (लेझरची पावडर शाई) नीट बसला. लेबलं मात्र झकास, ए४ वर २४, दरही ठीक. पाकिटावर लेझर लिहिलंय ना बघा, इंकजेटवाल्या लेबलांचा गोंद लेझर प्रिंटरच्या आतल्या उष्णतेने वितळू शकतो. अर्धी वापरलेली शीट परत घालू नका. आणि पावसात पाकीट उघडं राहिलं की कार्डाचा पापड होतो, इथे कपडे वाळत नाहीत तिथे कागदाचं काय!