फायबर घेताय? राऊटर कुठे लावणार ते आधी घरात विचारा (वर्षभर वापरून लिहितोय)

साताऱ्यात आमचं जुनं घर आहे, काळ्या दगडाच्या जाड भिंती, आणि फायबर आमच्या केबलवाल्याकडूनच घेतलंय. १०० एमबीपीएसचा प्लॅन, ५९९ अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे महिना ७०७ ला पडतो. स्पीडला नाव ठेवायला जागा नाही, राऊटरजवळ ९०-९५ मिळतंच, ऑफिसचे कॉल आणि टीव्हीवर मॅच एकदम चालू असले तरी अडकत नाही.

पण मला लिहायचंय ते वेगळंच. जोडणीला आलेल्या पोराने विचारलं डबा कुठे लावू, मी म्हटलं माझ्या खोलीत, कारण घरून काम मी करतो, झालं, दहा मिनिटांत भोक पाडून लावून गेला. आईला ना त्याने विचारलं ना मी. स्वयंपाकघर दोन भिंती पलीकडे, तिथे ५ गीगाहर्ट्झचं वायफाय पोचतच नाही, २.४ चं भिंतीतून जरा जास्त जातं पण तेही दोन-तीन एमबीपीएस, व्हिडिओ नुसता गोल गोल फिरत राहायचा. आई फोन ठेवून द्यायची आणि आम्ही सगळे म्हणायचो तिला आवडच नाही, तिला जमत नाही. आठ महिने आम्ही हे बोललो, आज आठवलं की वाईट वाटतं.

मग एक दिवस बघितलं तर आई माझ्या खोलीच्या दारात उभी राहून बेळगावच्या मावशीला व्हिडिओ कॉल करत होती, हळू आवाजात, कारण आत माझी मीटिंग चालू. म्हणाली, "इथंच नीट लागतंय रे."

त्याच आठवड्यात राऊटर मधल्या पॅसेजमध्ये हलवला. लांब पॅच कॉर्डचे, म्हणजे डब्यापर्यंत येणाऱ्या फायबरच्या वायरचे, पैसे वेगळे घेतले, आणि ती कोपऱ्यात फार वाकवायची नाही नाहीतर सिग्नल पडतो हे लक्षात ठेवा. आता स्वयंपाकघरात ४० च्या आसपास येतं आणि आई सकाळी पोळ्या करताना हरिपाठ लावते, भिशीचे पैसे यूपीआयने घेते, वीजबिल तीच भरते, पिन पण तिचा तिने ठरवला, आम्हाला सांगितलेला नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९-२१ च्या, १५ ते ४९ वयाच्या ३३ टक्के बायकांनी कधीतरी इंटरनेट वापरलेलं होतं आणि पुरुषांचा आकडा ५७. आई त्या वयोगटात बसत नाही, पण पूर्वी मी हे वाचून शिक्षण, पैसा एवढंच धरायचो. आमच्याकडे फोन होता, पैसे होते, आई मॅट्रिक आहे, अडलं होतं ते भिंतीला आणि आमच्या न विचारण्याला.

अजून एक, लाइट गेली की नेट जातं. जुना तांब्याच्या तारेचा लँडलाइन एक्स्चेंजच्या करंटवर चालायचा, तसं इथे नाही, घरातल्या डब्याला लाइट लागतेच. आम्ही १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावलाय, दोन-तीन तास निघतात, घ्याच.

तक्रार केली की माणूस दुसऱ्या दिवशी येतो, पावसाळ्यात एकदा तीन दिवस लागले. पाचपैकी चार देतो. एक कापला कारण जोडणीवाल्याने निदान एवढं तरी विचारायला हवं की घरात फोन कोण कुठे बसून वापरतं, आणि शक्यतो घरातल्या बाईला विचारा, जोडणीच्या दिवशीच, नंतर भोकं बुजवत बसावं लागतं.