रक्तातून कॅन्सरची पेशी शोधायचीय, तर चुंबक घ्यावं का आवाज?

माझी भाची नांदेडला एमएस्सी बायोटेक करायली, प्रोजेक्टचा विषय ठरवायचाय आणि गाडी दोन गोष्टींवर अडकलीय. गाठीतून सुटून रक्तात फिरणाऱ्या कॅन्सरच्या पेशी अँटिबॉडी लावून चुंबकानं पकडायच्या, का ध्वनिलहरींनी बाजूला काढायच्या. तिला फोनवर जे सांगितलं तेच लिहायलोय, लातूर-परभणीकडच्या बाकी पोरापोरींच्या पण कामी येईल.

अडचण आधी समजून घ्या. एक मिलिलिटर रक्तात लाल पेशी साधारण 500 कोटी, पांढऱ्या 40 लाखांच्या पुढं, आणि कॅन्सर पसरलेल्या पेशंटमध्ये सुद्धा ह्या फिरत्या पेशी बऱ्याचदा दहाच्या आत.

चुंबकाची पद्धत जुनी आणि भरवशाची. सेलसर्च नावाच्या मशीनला अमेरिकेत 2004 मध्ये परवानगी मिळाली, 7.5 मिलिलिटर रक्त घेतात, पेशीवरचं एपकॅम प्रोटीन ओळखणारी अँटिबॉडी लावलेले चुंबकी कण टाकतात. स्तनाच्या पसरलेल्या कॅन्सरमध्ये 5 किंवा जास्त पेशी सापडल्या तर पुढची वाट अवघड समजतात. पण काही पेशी पसरताना एपकॅम कमी करतात, त्या निसटतात, आणि पकडलेल्या पेशी जिवंत राहत नाहीत.

आवाजाचं काम आपल्या उपणणीसारखं आहे. सुपातून धार सोडली की वारं एकच असतं, पण दाणा जवळ पडतो आन् भुसा लांब जातो, तसंच इथं पेशींची धार बारीक चॅनेलमधून जाते, कानाला न ऐकू येणाऱ्या लहरी बाजूनं ढकलतात, आणि हा ढकला पेशीच्या आकारमानाप्रमाणं वाढतो, म्हणजे व्यास दुप्पट झाला की जोर आठपट. पेशीची घनता आणि ती किती दाबली जाते ह्याचा पण फरक पडतो. अँटिबॉडीसारखं लेबल लावायची गरज नाही, पेशी जिवंत. टोनी हुआंग, मिंग दाओ, सुब्रा सुरेश ह्या संशोधकांच्या टीमनं 2015 मध्ये तासाला 1.2 मिलिलिटर वेगानं 83 टक्क्यांहून जास्त कॅन्सर पेशी परत मिळवल्या, 2018 पर्यंत वेग 7.5 मिलिलिटरवर नेला.

पण आवाज पेशी वेगळी करतो, तिचं नाव सांगत नाही! मोठी पांढरी पेशी आणि छोटी कॅन्सर पेशी सारख्याच आकाराच्या निघतात, म्हणून शेवटी रंग देऊन मायक्रोस्कोपखाली बघावंच लागतं. बायोप्सीची जागा दोन्हीपैकी कुणीच घेत नाही, हे घरात पेशंट असणाऱ्यांनी नक्की लक्षात ठेवा.

नुसत्या पेशी मोजायच्या असतील तर चुंबक घ्या. पेशी वाढवून तिच्यावर औषध तपासायचं असेल तर आवाजच, आणि भाचीला मी हेच घे म्हणलं, कारण तिला जिवंत पेशीवर काम करायचंय. ह्या टीमसारखं लिथियम नायोबेटच्या स्फटिकावर सोन्याचे इलेक्ट्रोड काढायला क्लीनरूम (धूळ नसलेली खास लॅब) लागते, त्या नादी लागू नका. काचेच्या कॅपिलरीला (बारीक नळीला) खालून पिझो चकती, म्हणजे वीज दिली की थरथरणारी चकती, चिकटवा, 2 मेगाहर्ट्झला पाण्यात अर्धी लहर साधारण 375 मायक्रॉनची होते, आतली रुंदी तेवढीच पाहिजे. पीडीएमएसचा (सिलिकॉन रबराचा) मऊ चॅनेल ह्या प्रकाराला चालत नाही, तो लहर पिऊन टाकतो. चकती तापते, थंड ठेवा, नायतर पेशी मरतात. पेशंटचं रक्त घ्यायचं तर एथिक्स कमिटीची परवानगी लागते, त्यात वेळ जातो, तोवर पुण्याच्या एनसीसीएस ह्या पेशी-संशोधन संस्थेतून एमसीएफ-7, म्हणजे लॅबमध्ये वाढवलेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी, मागवता येतात. त्याच्याही आधी पॉलिस्टायरिनचे 10 मायक्रॉनचे मणी सोडून बघा, ते मधल्या रेषेत आले की मगच पेशीला हात लावा.